दिवस फिरतात, एवढंच म्हणाले होते

मोठ्या जाऊबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्या गावाबाहेर जात नाहीत. मी उदगीरहून आले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "कसं हाय गं उदगीर?" मी म्हणाले, "बरं हाय." चार दिवसांचा प्रवास आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं. बोलायला लागलं की माझं असंच होतं. लिहिताना होत नाही. रोहिणीच्या शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं मी जपून ठेवली आहेत, त्यांवर लिहिते आहे.

मला एका शब्दामुळे उदगीरला जावं लागलं. तो शब्द आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

हदगावच्या आमच्या भागात सूर्याला दिवस म्हणतात. दिवस उगवला, दिवस मावळला, दिवस कासराभर वर आला, म्हणजे बैलाच्या दोरीएवढा वर आला. माझी आई त्यात आणखी एक करायची. ती सूर्याला एकेरी बोलायची नाही. दिवस आले, दिवस कलले, दिवस गेले, असं म्हणायची. "ज्यांच्यामुळं भाकर मिळती त्यांना अरे-तुरे करावं का?" असं तिचं म्हणणं. ती सवय मलाही लागली.

रोहिणी माझी एकुलती मुलगी. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला त्या दिवशी जन्मली म्हणून रोहिणी. तिला उदगीरला दिली आहे. जावई बालाजी शाळेत विज्ञान शिकवतात. रोहिणीनं तिथं आठ बायकांचा बचत गट केला आणि त्या गटाला सोलर ड्रायर मिळाला. ड्रायर म्हणजे काचेच्या झाकणाची पलंगाएवढी पेटी, आत जाळीचे ट्रे. उन्हानं आतली भाजी वाळते, धूळ लागत नाही. हिवाळ्यात टोमॅटो, मेथी, पालक कवडीमोल होतात, तेव्हा वाळवून ठेवायचे आणि पुढे वर्षभर विकायचे, असं त्यांचं ठरलं. पेटी रोहिणीच्या गच्चीवर बसवायची होती. पायाला सिमेंटचे ठोकळे घालायचे, म्हणजे एकदा बसवली की हलवता येणार नाही.

तिनं फोनवर जागा सांगितली. जिन्याची खोली, वर पाण्याची टाकी, तिच्या उत्तरेला खोलीला लागूनच. वारं लागत नाही आणि दुपारी बाराला एवढं ऊन की पाय ठेववत नाही. मी म्हणाले, "तिथं नको. तिथं दिवस फिरतात."

मला म्हणायचं होतं की आत्ता वैशाखात सूर्य डोक्यावर आहे म्हणून तिथं ऊन दिसतं. दिवाळी झाली की तो दक्षिणेला उतरतो आणि मग खोलीची सावली दुपारभर उत्तरेलाच पडते. मेथी वाळवायची तेव्हाच पेटी सावलीत. पण फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता. शेजारी विहीणबाई शेंगा फोडत बसलेल्या होत्या. त्यांनी ऐकलं, "दिवस फिरतात." आपल्याकडे दिवस फिरणं म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. घराला वाईट काळ येणं. आणि त्यांनी वरचा मजला बांधला त्याच वर्षी त्यांचे मालक गेले होते.

विहीणबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर आता काही बसायचं न्हाई."

पाच दिवसांनी रोहिणीचा रडत फोन आला. गटातल्या बायका शुक्रवारपर्यंत थांबणार होत्या. तोपर्यंत सासूबाई हो म्हणाल्या नाहीत तर पेटी स्टेशनकडच्या एका बाईच्या घरी जाणार. "माय, गट मी उभा केला आन आता त्या बाईच्या गच्चीवर मी हजेरीला जाऊ का? तू ये. मी सांगाया गेले की त्या उठून जातात, तूच सांग त्यांना."

आमचे हे म्हणाले, "फोनवर सांगून टाक की." मी म्हणाले, फोनवर बोलूनच तर झालं हे. बुधवारी सकाळी निघाले. एकटी एवढ्या लांब पहिल्यांदाच.

नांदेड

नांदेडला उतरले तेव्हा दहा वाजले असतील. उदगीरची गाडी दुपारी होती. पिशवीत धपाटे होते, पण मला गुरुद्वारा बघायचा होता, म्हणून तिकडे चालत गेले.

नवीन ठिकाणी मला डोक्यावरचा पदर सोडवत नाही आणि शहरातल्या बायका बघतात, याची मला लाज वाटते. गुरुद्वाऱ्यात तसं झालं नाही. तिथं सगळ्यांनाच डोकं झाकावं लागतं. चांगले टापटीप पँट घातलेले बाप्ये डोक्याला केशरी रुमाल बांधून, खाली बघत, हळू चालत होते. मला वाटलं, जन्मात एकदा तरी प्रत्येक माणसानं हे करून बघावं. लंगरमध्ये रांगेत जमिनीवर बसलो. डाळ, भाजी, खीर. पोळी वाढणारा पोळी ताटात ठेवत नाही. दोन्ही हात पुढे करायचे, मग तो हातात देतो. मी एक हात पुढे केला तर म्हातारे सरदारजी थांबले आणि हसून म्हणाले, "माताजी, दोनों." आमच्याकडे पंगतीत पाहुण्याला नको नको म्हणेपर्यंत वाढतात. इथं मागाल तेवढं देतात आणि टाकू देत नाहीत. दोन्ही बरं आहे. मी तीन पोळ्या खाल्ल्या. घरी दोन खाते.

बसस्टँडवर मात्र फजिती झाली. गाडीच्या पाटीवर धूळ होती. पहिलं अक्षर उ दिसलं आणि मी चढून बसले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हणाले, "उदगीर." तो म्हणाला, "मावशी, ही उमरखेडची. हदगाववरून जाती. ह्या गाडीत बसलात तर सांजच्याला आपल्याच घरी भाकऱ्या थापसाल." गाडीतले सगळे हसले. मी खाली उतरेपर्यंत माझे कान गरम झाले होते. पण खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, बसून राहावं.

बसमध्ये

उदगीरची गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी होती. दुपारचे दोन वाजायला आले होते, सूर्य पश्चिमेला कलला होता. त्यामुळे डाव्या बाजूच्या सगळ्या जागा उन्हात होत्या आणि उजवीकडच्या सावलीत. लोकांनी धावत जाऊन उजव्या खिडक्या धरल्या. रुमाल टाकले, पिशव्या टाकल्या, दोघांचं भांडणही झालं. मी डावीकडे तापलेल्या बाकावर बसले.

माझ्या मागून एक तिशीची बाई आली. अंगात जाड कापडाचा शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी. तिनं एकदा उजवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, उन्हात कशापायी बसल्या?"

मी पुटपुटले, "गाडी दक्षिणेला जाणार ना."

ती खळखळून हसली. "मी बी त्याच्यासाठीच बसले."

गोदावरीचा पूल ओलांडून गाडी दक्षिणेला लागली आणि ऊन आमच्या मांडीवरून उठून पलीकडच्या लोकांच्या तोंडावर गेलं. नदीत पाणी थोडंच होतं, खडक उघडे पडले होते. पलीकडच्या एकानं पेपर खिडकीला लावला, एकीनं पदर तोंडावर घेतला. आमच्याकडे वारं येत होतं.

तिचं नाव प्रज्ञा. नांदेडचीच. घरांच्या छतावर विजेचे सोलर पॅनल बसवते. जळकोटला एका दवाखान्याचं काम होतं. मी कोणाशी आपणहून बोलत नाही, पण तिचं काम ऐकून मला राहवलं नाही. मी विचारलं, "पॅनल कुठं बसवायचं ते कसं ठरवतेस गं? दिवस तर रोज थोडे थोडे सरकतात."

तिनं मोबाईल काढला. त्यात मधोमध एक चौकोनी घर होतं आणि त्याच्यावरून पिवळ्या कमानी गेलेल्या, एकीपलीकडे एक. "ही जूनची वाट. ही मार्चची. ही सगळ्यात खालची डिसेंबरची. घर आपलं मधोमध बसलेलं, आन सूर्य त्याच्याभोवती फिरून राहिला."

"पण फिरती तर पृथ्वी ना?"

"हाव, फिरती. पण आमच्या कामात पृथ्वी घरी चहा पीत बसती. सूर्यालाच फिरवावं लागतं. न्हाईतर सावली कुठं पडंल ते कळत न्हाई."

मी चौथीत असताना गुरुजींनी पेपरात विचारलं होतं, सूर्य फिरतो की पृथ्वी? मी आईच्या बोलीत लिहिलं, दिवस फिरतात. गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पोरं वर्षभर मला "आल्या का दिवसबाई" म्हणायची. पाचवीला हदगावला जावं लागायचं, म्हणून शाळा तिथंच थांबली. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं की मला आलेलं उत्तर चूक असणार, तेव्हा गप्प बसावं.

पुढे रोहिणीनं मला लिंबू आणि बॅटरी घेऊन सगळं समजावून सांगितलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, तिरकी आहे म्हणून ऋतू होतात. मला ते पटलं. ते खरं आहे, त्यात मला शंका नाही. पण मी चाळीस वर्षं पापड वाळवते. बाज कुठं टाकायची, किती वाजता सरकवायची, कुरडईवर कडुलिंबाची सावली केव्हा येईल, हे मी लिंबू आणि बॅटरीवरून ठरवत नाही. अंगणात उभी राहते आणि सूर्य कुठून आला आणि कुठे चालला ते बघते. पेरणीचं नक्षत्र सूर्य बदलतो, असंच आम्ही म्हणतो आणि तसंच पेरतो. पीक येतं. हे चुकीचं आहे असं मला आजवर वाटत होतं, चोरून केल्यासारखं. शिकलेली, पगार घेणारी बाई तेच मोबाईलमध्ये करते, हे पाहून माझ्या मनातली ती गाठ सुटली.

कंधारला गाडी थांबली तेव्हा आम्ही धपाटे खाल्ले. मी तिला रोहिणीच्या गच्चीचं सगळं सांगितलं. एवढं मी कोणाला सलग सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमचं बरोबर हाय मावशी. हिवाळ्यात दुपारी सावली किती पडती?"

"मार्गशीर्षात माणसाची सावली माणसाएवढी. टाचेपासून मोजली तर जरा कमी."

"मग झालं की. तेवढंच मोजून दाखवा."

जळकोटला ती उतरली आणि खालून खिडकीवर थाप मारून म्हणाली, "गप बसू नका बरं का!"

उदगीर, बुधवार आणि गुरुवार

विहीणबाईंनी माझं काही कमी केलं नाही. दारात पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं. रात्री हुग्गी केली होती. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, पण आपल्या खिरीपेक्षा घट्ट, गूळ जास्त, वर तुपाची धार. विहीणबाईंचं माहेर भालकीकडचं, कर्नाटकाच्या सीमेपलीकडचं, तिकडचा तो पदार्थ. त्या रोहिणीला हाक मारतात तीही "अव्वा" म्हणून, आईला म्हणतात तसं. सगळं केलं, पण माझ्याबरोबर जेवायला बसल्या नाहीत. रोहिणी आमच्या दोघींच्या मध्ये पाटावर बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

जावयासमोर मी बोलत नाही. आमच्यात सासूनं जावयाशी थेट बोलायची पद्धत नाही. त्यांना काही सांगायचं तर रोहिणीला सांगते, ते शेजारी बसून ऐकतात, आणि उत्तर देतात तेही रोहिणीला. बालाजींना याचं हसू येतं. ते म्हणाले, "मामींना सांग, उद्या ईनबाई-ईनबाई मिळून किल्ला बघून या."

पाहुणीला किल्ला दाखवला नाही असं उदगीरला होत नाही, मग मनात काही का असेना. गुरुवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. मोंढ्यावरून, धान्याच्या बाजारावरून, जाताना तुरीच्या पोत्यांचा आणि नव्या बारदानाचा वास येत होता. हमाल पाठीवर पोतं घेऊन पळतात तसे आमच्याकडे चालतसुद्धा नाहीत. किल्ल्याभोवती खोल खंदक आहे. आत दगडी दालनं, कमानींवर फारसी अक्षरं. मला वाचता येईना, पण कोरणाऱ्याचा हात कुठंही थरथरलेला नव्हता. बुरुजावर चढताना विहीणबाईंनी माझा हात धरला. वर गेल्यावर सोडला.

"तिकडं भालकी," त्या बोट दाखवून म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "ईनबाई, एक इचारू? माझं काय चुकलं होतं म्हणून तुमच्या तोंडून तसं निघालं?"

हीच वेळ होती. मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, बसमध्ये दहादा म्हणून बघितलं होतं. तोंड उघडलं. "तसं न्हाई हो," एवढंच आलं.

"मग कसं?"

मला पुढचं सापडेना. ऊन, टाकी, मार्गशीर्ष, कुठून सुरुवात करायची? तशात गुरुजी आठवले. विहीणबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. बोललेलं बोललं," आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

घरी आलो तर दोन बायका गटातून आल्या होत्या. उद्या संध्याकाळी टेंपो बोलावला आहे म्हणाल्या. रोहिणीनं मान हलवली आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी ती परत घासत होती.

उदगीर, शुक्रवार

शुक्रवारी बालाजींची एक गंमत होती. वर्षात दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. त्याला ते शून्य सावली म्हणतात. उदगीरला ती मेच्या मधल्या आठवड्यात येते. त्यांनी गच्चीवर एक पाईप उभा केला होता आणि सव्वाबाराला सगळ्यांना वर बोलावलं. विहीणबाई जिन्याच्या दारात उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत.

पाईपाची सावली आखडत आखडत बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. आम्ही सगळे आपल्या पायाकडे बघायला लागलो. माझी सावली माझ्या पायाखाली होती. मला आईची आठवण झाली. ती असती तर तिनं हात जोडले असते.

बालाजी म्हणाले, "आता बघ रोहिणी. टाकीची सावली कुठं हाय? कुठंच न्हाई. म्हणून मी जागा इथं धरली होती. चुकीचं काय हाय त्यात?" खोलीच्या उत्तरेला त्यांनी खडूनं मारलेल्या चार रेघा होत्या, पेटीच्या आकाराच्या. आठ दिवसांत पुसट झाल्या होत्या.

मला बोलता येत नव्हतं, ते काल बुरुजावर कळलंच होतं. पण हात चालत होते. गच्चीवर कपडे वाळवायची निळी दोरी होती, ती मी सोडली. तिच्या टोकाला एक खडा बांधला आणि रोहिणीला दिली. "टाकीवर चढ. खडा खाली सोड."

"माय, कशाला?"

"सोड तर."

ती शिडीनं चढली. खडा फरशीला लागला तेव्हा मी तिला वर दोरी ताठ धरायला सांगितलं आणि टाकीच्या माथ्यापाशी तिनं गाठ मारली. दोरी खाली घेतली. खडा भिंतीच्या बुडाशी ठेवला, पायानं दाबला आणि दोरी उत्तरेकडे फरशीवर सरळ पसरत नेली. गाठीपासून हातभर मागे घेतली. तिथं विटेचा तुकडा घेऊन आडवी रेघ ओढली. माझी रेघ बालाजींच्या चारही रेघांच्या पलीकडे गेली होती. पेटी सगळीच्या सगळी आत.

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता.

विहीणबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "हे काय मापून राहिल्या ईनबाई?"

मी रेघेवर उभी होते. हातात वीट होती. आता सुरुवात कुठून करायची हा प्रश्न नव्हता, सुरुवात फरशीवर पडलेली होती. मी म्हणाले, "मार्गशीर्षात सावली इथवर येती. आज दिवस डोक्यावर हायत. हिवाळ्यात ते तिकडं, दक्षिणेला उतरतात. मी फोनवर हेच म्हणाले होते ईनबाई. दिवस फिरतात." मी वर बोट केलं. "हे दिवस."

विहीणबाईंनी वर बघितलं. डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"सूर्य व्हय?"

"हाव."

"आन फिरतात कशाला म्हणलात? फिरतो म्हणावं की माणसानं!"

"आमच्या मायनं तसंच शिकवलं. एकेरी न्हाई म्हणायचं."

"अगं अव्वा!" त्या उंबऱ्यावरच बसल्या. "सूर्याला अहो-जाहो करती ही बाई, आन मी आठ दिवस झाले, घास उतरंना मला! रोज देवापुढं बसून इचारते, बाबा, आता घरातलं कोण?" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. रोहिणी टाकीवरून उतरली नव्हती, तिथंच बसून हसायला लागली. मलाही हसू आलं. पदर तोंडाला लावला, पण आवाज बाहेर आलाच.

बालाजी खिशातून पेन काढून हातावरच काहीतरी गणित करत होते. दोरीची लांबी त्यांनी पावलांनी मोजली, पुन्हा गणित केलं. मग मान वर केली. "मामी, चार बोटांचा बी फरक न्हाई." हे ते रोहिणीला नाही, मला म्हणाले. "मी आजच्या उन्हावरूनच जागा धरली. डिसेंबर डोक्यात आलाच न्हाई. फक्त एक, तसं बघितलं तर सूर्य फिरत नसतो, पृथ्वी..."

"तू गप रे," विहीणबाई म्हणाल्या. "तुझी पृथ्वी शाळंत फिरव."

मी बालाजींकडे बघून, पहिल्यांदाच सरळ त्यांच्याशी बोलले. "पृथ्वीच फिरती जावईबापू. मला ठाऊक हाय. पण पेटी गच्चीवर बसवायचीय, सूर्यावर न्हाई."

ते एवढे हसले की पाईप पडला.

जागा मी दाखवली. खोलीच्या दक्षिणेला, कठड्यापासून दोन हात सोडून. आषाढात तिथं दुपारी थोडी सावली येईल, पण पावसात कोण मेथी वाळवतं? विहीणबाईंनी स्वतः खडू घेऊन रेघा मारल्या. वाकड्या आल्या, पण तशाच ठेवल्या. संध्याकाळी टेंपो आला, आणि पेटी स्टेशनकडे न जाता आमच्याच जिन्यानं वर चढली. गटाच्या आठही बायका हात लावायला आल्या होत्या. रात्री पुन्हा हुग्गी झाली, ती आम्ही दोघी विहिणी एका ताटात जेवलो.

परत

शनिवारी निघाले. विहीणबाई बसस्टँडपर्यंत आल्या. गाडी सकाळची, उत्तरेला जाणारी. सूर्य उजवीकडे असणार. मी काही म्हणायच्या आत त्यांनी डावीकडची खिडकी धरून पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "कळतंय आता आम्हाला बी."

येताना कंधारच्या पुढे मला झोप लागली. नांदेडला उतरून पाटीवरची सगळी अक्षरं बोटानं वाचली आणि मग हदगावच्या गाडीत बसले.

हे सगळं लिहायचं म्हणत म्हणत हिवाळा आला. परवा दुपारी मी रानात जेवायला बसले होते. माझी सावली माझ्याएवढी होऊन पडली होती. तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं रोहिणी असेल, पण विहीणबाई होत्या. गच्चीवरून बोलत होत्या, मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. पेटीत टोमॅटो भरले होते. मे महिन्यातली विटेची रेघ पावसात धुऊन जाऊ नये म्हणून बालाजींनी तिच्यावर रंग मारून ठेवला होता, शाळेतल्या पोरांना दाखवायला.

"ईनबाई," त्या ओरडून म्हणाल्या, फोनवर सगळे ओरडतातच. "बरोबर दुपार हाय बगा. सावली रेघंपोतर आली. मी हितंच उभी हाय."

मी विचारलं, "आन पेटीवर?"

"पेटीवर ऊनच ऊन. हात ठेववंना." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही म्हणलात तसंच झालं बगा. दिवस फिरले."